ओला कोबा

बार्शीच्या बारबोले बाईंकडे एक दोनशे पानी वही होती आणि तिच्यात त्यांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीचं पीक रचून ठेवलेलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी चौथीचा वर्ग शिकवला. एका पानावर एक तुकडी, आणि प्रत्येक नावापुढे त्या पोराचं पुढे काय झालं याची नोंद. डॉक्टर चार, त्यातला एक जनावरांचा, पण बाई त्यालाही पूर्ण धरत. वकील तीन, फौजदार दोन, तहसीलदार एक, परदेशात अकरा. ज्यांचं काहीच झालं नाही त्यांच्यापुढे 'शेती' असं लिहिलेलं होतं, मग त्याला शेत असो वा नसो. एकजण तुरुंगात गेला होता. त्याच्यापुढे 'बाहेरगावी' होतं.

महारुद्र ठोंगे या नावापुढे लाल शाई होती. 'मूकबधिर शाळेत शिक्षक. माझ्यामुळे.' यातला शेवटचा शब्द बाईंनी स्वतःच्या पदरचा घातला नव्हता. तुकडीच्या स्नेहमेळाव्यात शाल आणि नारळ देऊन झाल्यावर महारुद्र माईकसमोर उभा राहिला होता आणि अडखळत म्हणाला होता, "बा... बाईंमुळेच मी या क्षेत्रात आलो." पुढे तो काही बोललाच नाही. टाळ्या पडल्या. बाईंनी घरी येऊन, चष्मा पुसून, ते वहीत चढवलं.

ही वही जपून ठेवलेली असली तरी २०४३ च्या मार्चात बाईंच्या पुढ्यात जे प्रकरण आलं, त्यात ती काही कामाची नव्हती.

मुलगा ऋतुराज आणि सून केतकी, दोघंही इंजिनीअर, दोघांचीही नेमणूक गुजरातच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात, पवनचक्क्यांच्या प्रकल्पावर झाली. दोन वर्षं. तिथे मुलं न्यायला परवानगी नव्हती. आणि त्यांना होती आठ वर्षांची शाल्वी.

शाल्वी जन्मतः ऐकू न येणारी. कानात यंत्र बसवायचं तर आत ऐकण्याची नस लागते, तिची ती नसच तयार झाली नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा शाल्वीनं हात उचलले. दीड वर्षाची असल्यापासून ती हातांची भाषा बोलत होती, आणि आईबाप तिच्याबरोबरच शिकले होते. बाई मात्र राहिल्या. चौसष्टाव्या वर्षी त्यांनी फोनवरून शिकायचा प्रयत्न केला. तीन आठवड्यांत 'पाणी' आणि 'पोळी' एवढं आलं, तेही एकमेकांत मिसळून. सुट्टीत नात आली की मध्ये पाटी-पेन्सिल लागे. लाडूला पाटी लागत नाही, एवढाच काय तो आधार.

"पुण्यात चांगलं वसतिगृह आहे," ऋतुराज म्हणाला.

"माझी नात, मी जिवंत असताना, वसतिगृहात?"

"आई, रागावू नका," केतकी म्हणाली. "पण उद्या तिला ताप आला, पोटात दुखलं, तर ती काय पाटीवर निबंध लिहिणार का? तुमच्याशी बोलता आलं तर तुमच्यापेक्षा चांगली जागा मला जगात नाही. पण बोलता यायला पाहिजे."

सुनेचं बोलणं खरं असलं की सासूला ते जास्त लागतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी सोलापूरची बस धरली.

सोलापुरात 'उत्तरविद्या' केंद्र होतं. आता प्रत्येक जिल्ह्यात एक आहे. निवृत्तीचं वय सत्तरवर गेलं, कामं दर पाच वर्षांनी बदलायला लागली, आणि साठीच्या माणसाला नवं काही शिकवणं हा सरकारला घोर लागला, तेव्हा एक गोळी आली. लोक तिला 'कोरी पाटी' म्हणत. केंद्रातल्या डॉक्टर रुक्साना तांबोळींना ते नाव मुळीच आवडत नसे.

"पाटी कोरी होत नाही, बाई. तुमचं जुनं सगळं जागेवर राहतं," त्या म्हणाल्या. "लहान मुलाच्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारख्या नव्यानं जोडल्या जातात. म्हणून ते कुठलीही भाषा नुसतं बघून-ऐकून उचलतं. वय वाढतं तसं त्या पेशींभोवती एक बारीक जाळं विणलं जातं आणि जोडण्या पक्क्या होतात. ते चांगलंच आहे, नाहीतर रोज सकाळी आपलं नावही नव्यानं शिकावं लागेल. ही गोळी तेवढं जाळं सैल करते. बेचाळीस दिवस. मग ते पुन्हा विणलं जातं, पहिल्यापेक्षा घट्ट."

"म्हणजे ओला कोबा," बाई म्हणाल्या.

बाईंच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्याखाली, कोब्यावर मांजराची तीन पावलं होती. घर बांधलं त्या वर्षी यजमानांनी जमिनीला सिमेंटचा कोबा घोटून घेतला आणि त्याच दुपारी मांजर त्यावरून गेलं. यजमान गेले, मांजर तर कधीच गेलं, पावलं होती तिथेच होती.

डॉक्टर हसल्या. "अगदी. आणि म्हणून त्यावरून कोण चालतं ते बघा. लहान मूल धडा वेगळा आणि शिकवणारा वेगळा असं करत नाही, ते दोन्ही एकदमच घेतं. आई पालीला घाबरली की मूलही पालीला घाबरतं, ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. या बेचाळीस दिवसांत तुमचंही तसंच होणार. रोज सहा तास, समोरासमोर, एकच माणूस. तुम्हाला बघून ज्याला आनंद होतो असा माणूस आणा. आणि हे एकदाच. दुसऱ्यांदा जाळं सैल केलं तर जुन्या भाषा उसवतात."

केंद्रानं स्वतःहून एक बावीस वर्षांची मुलगी सुचवली. हसरी, चटपटीत, स्वतः बधिर आईबापांची लेक. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मुलगी च्युइंगम चघळत होती.

"माझा विद्यार्थी आहे," बाई म्हणाल्या. "वीस वर्षं हेच शिकवतोय. तो नाही म्हणणार नाही."

आणि तो नाही म्हणाला नाही. एकोणपन्नास वर्षांचा महारुद्र, कानापाशी पांढरा झालेला, दारात चप्पल काढून आत आला, पाया पडला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. बाईंनी सगळं सांगितल्यावर तो थोडा वेळ त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ब... बरं, बाई."

शिकवणाऱ्यानं भरायचा एक गोपनीय अर्ज होता. केंद्रात त्यासाठी वेगळी खोली होती, दाराला आतून कडी होती, बाहेर पाटी होती की विद्यार्थ्यानं आत जाऊ नये. पण बारबोले बाईंना विद्यार्थी म्हणून थांबायची सवय नव्हती. वीस मिनिटं झाली तरी महारुद्र बाहेर येईना, तेव्हा त्यांनी दार वाजवलं. त्यानं कडी काढली.

"बघू काय लिहिलंयस," बाई म्हणाल्या, आणि त्यानं कागद दिला. चाळीस वर्षांपूर्वी दिला असता तसाच दिला, दोन्ही हातांनी.

तेरा उत्तरं नीट होती. चौदावा प्रश्न रिकामा होता. 'शिकणाऱ्या व्यक्तीला पाहिल्यावर तुमच्या मनात सर्वप्रथम कोणती भावना येते?'

"अरे, हा का सोडलास?"

"वि... विचार करत होतो."

"यात काय विचार करायचा? आदर लिही. रिकामं सोडू नये, एवढंही मी शिकवलं नाही का तुला?"

महारुद्रनं आदर लिहिलं.

*

ते बेचाळीस दिवस बाईंच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे त्यांच्या बाजूनं मांडून ठेवायला हवं. चौथ्या दिवशी त्यांना जाणवलं की आपण मनात मराठी न आणता महारुद्रचे हात समजतोय. दहाव्या दिवशी स्वप्नात यजमान हातांनी म्हणाले, चहा टाक. अक्कलकोट, अंगठी, अळूवडी, जे मागावं ते हातात येत होतं. एकाहत्तर वर्षांची बाई बाजारात भाजीवाल्यासमोर नकळत बोटं नाचवायची आणि स्वतःशीच हसायची.

महारुद्र शिक्षक म्हणून उत्तम होता. कधी चिडला नाही, कधी कंटाळला नाही. येताना भाजलेल्या शेंगा आणायचा. हातांनी बोलताना तो एकदाही अडखळत नसे, आणि त्या गोष्टीचं बाईंना मोठं कौतुक वाटायचं.

"तोंडानं असा बोलला असतास तर कुठल्या कुठे गेला असतास," त्या एकदा म्हणाल्या.

महारुद्रनं हनुवटी आत घेतली आणि पुढची खूण दाखवली.

हातांच्या भाषेत चेहरा हा अर्धा मजकूर असतो, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भुवया वर गेल्या तर प्रश्न, गाल फुगले तर मोठं, ओठ आवळले तर बारीक. एकच खूण, चेहरा बदलला की अर्थ बदलला. म्हणून बाई त्याच्या चेहऱ्यावरची नजर हलवत नसत. सहा तास, बेचाळीस दिवस. तो वाक्य सुरू करण्याआधी समोरच्याच्या उजव्या हातावर एक नजर टाकायचा. हनुवटी आत घ्यायचा. डावा खांदा अर्धा इंच वर न्यायचा. मग हात उचलायचा. बाईंनी तेही घेतलं. पोळी शिकताना पोळपाट कुठला आणि पीठ कुठलं, हे लहान मूल विचारत बसत नाही.

शेवटच्या दिवशी केंद्रात परीक्षा झाली. यंत्रासमोर बसायचं, ते हात आणि चेहरा मोजतं. बाईंना शंभरात शहाण्णव पडले.

"चार कुठे गेले?" बाईंनी विचारलं.

केंद्रातल्या कारकुनानं पडद्यावर बघून सांगितलं, "चेहरा आणि खांद्याची अनावश्यक हालचाल, असं म्हणतंय."

"यंत्राला काय कळतंय," बाई म्हणाल्या, आणि शहाण्णव घेऊन घरी आल्या.

*

शाल्वी मे महिन्यात आली. ती बसस्टँडवर उतरल्या उतरल्या बाईंनी हात उचलले आणि विचारलं, प्रवास कसा झाला, डबा खाल्लास का, खिडकीची जागा मिळाली का. शाल्वीचे डोळे एवढे मोठे झाले की केतकी रडायला लागली. मुलीनं बॅग टाकली आणि दोन्ही हातांनी धबधब्यासारखी सुरू झाली. शेजारून जाणारी माणसं थांबून बघायला लागली.

मग ती मध्येच थांबली. आजीकडे बघितलं. स्वतःच्या हातांकडे बघितलं. पुढचं जरा हळू सांगितलं.

आईबाप दोन दिवस राहून गेले. ते असताना शाल्वी त्यांच्याशीच बोलत राहिली, आणि केतकीला आपल्या लेकीचा चेहरा बघायचा होता, सासूचा नाही. त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

पहिला आठवडा बाईंनी मनात जमेला धरला. मुलगी वेळेवर उठायची, दूध प्यायची, दुपारी चित्रं काढायची. आजी हातांनी गोष्ट सांगे, नात बघे. दुसऱ्या आठवड्यात बाईंना वाटलं की आपणच जास्त बोलतोय. शाल्वी मानेनं हो म्हणायची, मानेनं नाही म्हणायची. लांब असली की कधी दोन शब्द टाकायची, तेही कमरेच्या खाली, छोटे छोटे, मांजराला जवळ बोलवताना माणूस करतो तसे. जवळ आली की हात मागे. जेवायला बसली की घास घ्यायचा आणि उरलेला हात मांडीखाली ठेवायचा.

"लाजते," बाई फोनवर ऋतुराजला म्हणाल्या. "नवीन जागा आहे. होईल सरळ."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी शाल्वी उठली नाही. अंग भाजत होतं, पाय पोटाशी घेतले होते. बाईंनी रिक्षा केली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उजव्या कुशीत बोट दाबलं तेव्हा मुलीच्या तोंडून बाईंनी कधी न ऐकलेला आवाज निघाला. अपेंडिक्स होतं. दुपारपर्यंत शस्त्रक्रिया झाली. अजून अर्धा दिवस गेला असता तर फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

"हे एकदम नाही होत, आजी. दोन दिवस तरी दुखत असणार. तुम्हाला काही बोलली नाही?"

"नाही."

"तुम्हाला तर तिची भाषा येते म्हणालात."

शुद्धीवर आल्यावर शाल्वीनं पाटी मागितली. नर्सनं कागद दिला. बाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, पण मुलीनं कागद डॉक्टरांना दिला. त्यांनी तो वाचला आणि बाईंकडे दिला.

'दोन दिवस दुखत होतं. मी हात उचलले की आजी घाबरते. म्हणून नाही सांगितलं.'

*

केतकी धावत आली आणि मुलीपाशी बसली. तिसऱ्या दिवशी बाई महारुद्रच्या शाळेत गेल्या. मूकबधिर शाळेत घंटा वाजत नाही, दिवे उघडझाप करतात. बाई व्हरांड्यातून चालत त्याच्या वर्गापाशी आल्या आणि खिडकीत थांबल्या.

आत महारुद्र वाघाची गोष्ट सांगत होता. बारा पोरं जमिनीवर बसली होती. त्याचे खांदे सैल होते. हनुवटी वर होती. गाल फुगत होते, डोळे फिरत होते, वाघ लंगडत होता आणि पोरं पोट धरून हसत होती. एकाही पोराच्या उजव्या हाताकडे तो बघत नव्हता. बाई ती भाषा पहिल्यांदाच बघत होत्या. शब्द तेच होते, आणि त्यांना येणारी भाषा ती नव्हती.

मग त्याला खिडकीत बाई दिसल्या. वाघ तसाच राहिला. हनुवटी आत गेली, नजर खिडकीच्या गजावर ठेवलेल्या बाईंच्या उजव्या हातावर गेली आणि डावा खांदा अर्धा इंच वर आला.

त्या हातात त्या काळी लाकडी पट्टी असे. २००३ साली, चौथी ब मध्ये, रोज साडेअकराला पाढे होत. "महारुद्र, ऊठ," असं बाई म्हणत आणि तो तोंड उघडण्याआधीच वर्ग हसायला लागे. सात सक बेचाळीस त्याला येत होतं. 'स' तोंडातून सुटत नव्हता. बाईंना वाटे, पाठांतर नाही. पट्टी तळहातावर बसे, मग उलट्या हातावर. पुढे पुढे तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला लागला. हे सगळं बाईंना आठवत होतं. कधी विसरल्याच नव्हत्या. फक्त वहीत त्याला रकाना नव्हता.

महारुद्र बाहेर आला. दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले. बाईंनी शाल्वीचा कागद त्याला दिला. त्यानं तो दोनदा वाचला.

"तुला माहीत होतं?"

"न... नाही, बाई. मला माझा चेहरा कुठे दिसतो?"

"चौदाव्या प्रश्नाला काय लिहिणार होतास?"

महारुद्रनं कागद घडी घालून परत दिला. आतली पोरं दाराच्या फटीतून बघत होती.

"भ... भीती," तो म्हणाला. "पण पन्नाशीला आलेला माणूस असं कसं लिहिणार, म्हणून थांबलो होतो. तेवढ्यात तुम्ही आलात."

"मेळाव्यात म्हणालास, माझ्यामुळे आलास."

"खरंच आलो. हा... हातांना अडखळायला होत नाही, बाई. मला तोंड नको झालं होतं." मग तो म्हणाला, "मी तुमच्यावर रागावलो नव्हतो. मनापासून शिकवलं."

बाईंनी मान हलवली. मनापासून शिकवलं होतं यात शंका नव्हती. जेवढं होतं तेवढं सगळं दिलं होतं.

त्यांनी डॉक्टर तांबोळींना फोन केला. कोबा वाळला होता. दुसरी गोळी दिली तर आधी हातांची भाषा उसवेल, मग मराठी, आणि कुठे थांबेल ते सांगता येत नाही. फोन ठेवताना डॉक्टरांनी विचारलं, "अर्ज त्यांनी एकट्यानं भरला होता ना?" बाई म्हणाल्या, "मी तपासून दिला होता."

एक गोष्ट करण्यासारखी उरली होती. मुलगी घरी आल्यावर बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि हातांनी सांगायला लागल्या. मी तुला घाबरत नाही. हे माझं नाही, दुसऱ्याकडून आलेलं आहे. मी तुला मुळीच घाबरत नाही. खुणा अचूक होत्या, शंभरात शहाण्णव. पण प्रत्येक वाक्याआधी त्यांची नजर त्या आठ वर्षांच्या मुलीच्या उजव्या हातावर जात होती, हनुवटी आत ओढली जात होती, खांदा चढत होता. आणि त्या भाषेत हात एक म्हणाले आणि चेहरा दुसरं, तर चेहऱ्याचं खरं धरतात.

शाल्वीनं सगळं नीट बघितलं. मग मांडीपाशी, अगदी हळू, अगदी लहान खुणांनी ती म्हणाली, मी मारत नाही, आजी.

वसतिगृहाचा विषय बाईंनीच काढला. ऋतुराज फोनवर म्हणाला, आई, बघू ना अजून महिनाभर. बाई म्हणाल्या, "नको. पोरगी माझ्यासाठी मुकी होत चालली आहे." केतकीनं सासूचा हात धरला. बाईंच्या अंगावर त्याही हातानं शहारा आला, तो त्यांनी दिसू दिला नाही.

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी वही काढली. चौथी ब चं पान उघडून लाल शाईच्या ओळीवर बराच वेळ पेन धरलं. मग टोपण लावून ठेवून दिलं. ती नोंद खोडण्यासारखी नव्हती. ती बरोबर होती.

सकाळी गाडी दारात उभी राहिली. शाल्वी मागच्या सीटवर बसली, हात मांडीखाली. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली तशी ती वळून मागच्या काचेला टेकली. आता पुरेसं अंतर झालं असं तिला वाटलं असावं. तिनं हात बाहेर काढले आणि चेहऱ्याएवढ्या मोठ्या खुणांनी, आईशी बोलते तशी, सांगितलं, आजी, मी दिवाळीला येते.

बाईंना ते स्वच्छ कळलं. त्यांनी उत्तराला हात उचलला. त्याआधी नजर गेली, हनुवटी गेली आणि खांदा अर्धा इंच वर आला.

काचेमागचे दोन्ही हात खाली गेले.